वाट आणि पाहणे

मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणजे प्रतीक्षा करणे. या वाक्प्रचारात दृष्टी वाटेवर असली तरी मन येणाऱ्या माणसात गुंतलेले असते. वाट स्वतः पाहिलीच जात नाही. दृक्प्रत्ययवादी चित्रापुढे आपल्याकडील साहित्यिकाची जी अडचण होते, तिचे मूळ याच सवयीत असावे.

क्लोद मोनेने १९०२ मध्ये जिव्हेर्नी येथील आपल्या बागेतील वाट रंगविली. ते चित्र व्हिएन्नाच्या बेल्व्हेदेर संग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंना फुलांचे ताटवे, टोकाला झाडांआडचे घर आणि मधून गेलेली निर्मनुष्य वाट. ही वाट कोणाची, ती एकाकीपणाची की आयुष्याची, असे आपण लगेच विचारू लागतो. मोनेला मात्र तीवर पडलेल्या प्रकाशाशीच कर्तव्य आहे. येथील सावल्या काळ्या नाहीत, जांभळट आहेत. पिवळसर उन्हाशेजारची सावली त्याच्या विरोधी रंगाकडे झुकलेली दिसते. रंगांच्या अशा परस्परप्रभावाचे विवेचन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच केले होते. सावली काळी असते, हे आपले ज्ञान. ती जांभळी दिसते, हा प्रत्यय. ज्ञान बाजूस सारून प्रत्ययाशी इमान राखणे, हे या संप्रदायाचे मर्म होय.

हे मर्म दुसऱ्या भूमीत रुजते काय? बंगळूरचे चित्रकार रुमाले चन्नबसवय्या (१९१०–१९८८) यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा कलावंत या शहरातील बहरलेल्या झाडांपुढे प्रत्यक्ष बसून रंगवीत असे. उघड्यावर चित्रण करण्याची रीत युरोपातून आली. परंतु गुलमोहर आणि नीलमोहर यांच्या बहराचे रंग येथल्याच उन्हाने ठरविले. मोनेच्या फिकट छटा त्यांनी उचलल्या असत्या, तर ते केवळ शब्दशः भाषांतर झाले असते. त्यांनी छटा घेतल्या नाहीत, पाहण्याची शिस्त घेतली.

अनुवादक म्हणून मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. ‘दृक्प्रत्ययवाद’ ही संज्ञा मराठीत आली, आणि प्रकाश-छायेचे चार शब्द आढळले की एखाद्या कवितेलाही ती लावली जाते. तत्पूर्वी समीक्षकाने एवढेच तपासावे: कवीने सावली पाहून लिहिली आहे, की सावली काळी असते हे ठाऊक असल्यामुळे? पहिले असेल तरच ती संज्ञा सार्थ होय.