जुन्या मोठ्या गाडीचा ट्रान्सफर केस : बदलण्याआधी एवढे पाहा

नवी असताना नुसती लांबून पाहावी अशी मुंबईच्या शेठजीची मोठी गाडी, दोन लाख किलोमीटर पळाल्यावर एका आंब्याच्या हंगामाच्या पैशांत आपल्या दारात येऊन उभी राहते. देवगड-मालवणच्या वाड्यांवर अशा गाड्या हल्ली बऱ्याच दिसतात. घेणाऱ्याचा हिशेबही अगदीच खोटा नसतो. कातळावरच्या कलमांपर्यंत धड रस्ता नाही, पेट्या भरून चढण काढायची, तेव्हा चारही चाकांनी ओढणारी गाडी हवीच. पण ही ओढ ज्या पेटीतून वाटली जाते तीच कडकड वाजू लागली, की घरच्या कारभाऱ्याची झोप उडते. मिस्त्री म्हणतो, “ट्रान्सफर केस गेला, बदला.” आणि सांगितलेला आकडा ऐकून गाडी विकावी की ठेवावी, इथपर्यंत गोष्ट येते.

ही पेटी आपल्याकडे नवी नाही. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जोडायला घेतली. त्या जीपच्या गिअरच्या दांडीशेजारी दोन लहान दांड्या असत, हे जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल. एक पुढच्या चाकांना जोर देणारी, दुसरी चढणीसाठी ‘लो’ घालणारी. त्या पेटीत सगळी दातेरी चाके होती. आजच्या मोठ्या गाड्यांत बहुधा चेन असते, आणि बऱ्याच गाड्यांत दांडीऐवजी बटण व ते ऐकणारी एक लहान मोटर. सोय वाढली, तशी बिघडण्याची ठिकाणेही वाढली.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दुखणे नेमके कुठे आहे ते शोधावे. बटण दाबले, दिवा नुसता लुकलुकतो, पण आवाज काही नाही, असे असेल तर पेटी बहुधा धडधाकट असते. फ्यूज, मोटर किंवा वायरीचा खटका पाहावा. आपल्या खाऱ्या हवेत खटक्याच्या पितळी पिना हिरव्या पडतात. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी पेटी उतरविलेली गाडी पाहिली म्हणजे वाईट वाटते. दोन चाकांवर गाडी गप्प, पण फोर बाय फोर घालून जोर दिला की कडाड् असा झटका बसतो, तर चेन सैल होऊन दात ओलांडते आहे असे समजावे. ‘लो’ आपोआप सुटत असेल तर आतले दाते किंवा गिअर सरकविणारा काटा झिजला. आणि कशातही घाला, वेगाबरोबर गुणगुण वाढतेच, तर बेअरिंगचा संशय. मात्र असाच आवाज शाफ्टचा क्रॉस आणि चाकाचे बेअरिंगही करते. गाडी घोड्यांवर नीट चढवून, शाफ्ट व चाके हाताने हलवून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

मग तेल सोडून पाहावे. बुचाच्या लोहचुंबकाला पिठासारखी काळी बुकटी चिकटते, ती चालते. कपच्या निघाल्या तर पेटी खोलावी लागणार. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल तर पाणी शिरले. हे आपल्या किनाऱ्यावर फार घडते. पुळणीवर होडी ओढून तापलेली गाडी तशीच खाडीच्या पाण्यात घातली, की पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. हवा खेळण्यासाठी वर एक बारीक नळी दिलेली असते, ती चिखलाने बुजली नाही ना, हे कोणी पाहात नाही.

पेटी लवकर जाण्याची आणखी दोन कारणे आपलीच असतात. बटणाने फोर बाय फोर घालायच्या बहुतेक गाड्यांत पुढचे व मागचे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाके जास्त अंतर काटतात. वाळूत चाक घसरून हिशेब मिटतो, पण कोरड्या डांबरावर सगळा ताण चेनवर येतो. आंबोलीच्या घाटातून बाहेर पडलो, पाऊस थांबला, तरी फोर बाय फोर तसेच ठेवून बेळगाव गाठणारे आहेत! दुसरे कारण टायर. तीन झिजलेले आणि एक कोरा, असा संसार या गाडीला मानवत नाही.

आता खर्च. नवी कंपनीची पेटी जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते, आणि काहींची मिळणेही कठीण झाले आहे. फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा अशा गाडीवाल्यांनी सुटे भाग कुठे मिळतील याची आधी चौकशी करावी. नुसती चेन, बेअरिंगे आणि सील गेली असतील तर पेटी खोलून भरणे हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असले काम जाणणारे हात मिळतात. कवचालाच तडा गेला असेल, तर मात्र कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून पेटी आणावी. आणताना जुन्या पेटीवरची पट्टी, तिचा नंबर आणि शाफ्टच्या खाचांची संख्या लिहून न्यावी. बाहेरून जुळी भावंडे दिसणाऱ्या पेट्यांचे ‘लो’चे प्रमाण वेगळे निघते. हाताने फिरवून पाहावी, तेलाचे बूच उघडायला लावावे. विकणारा उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

बसविताना सील नवीच घालावीत, कारण पेटी खाली असतानाचे ते काम चार रुपयांचे, वर गेल्यावर चारशेचे. शाफ्ट काढण्याआधी खडूने खुणा कराव्यात, नाहीतर तसेच परत न बसल्यास गाडी थरथरते. गिअरबॉक्सला खालून वेगळा आधार द्यावा. पेटी एकट्याने पेलण्याचा हट्ट धरू नये. तेल पुस्तकात लिहिलेलेच भरावे. काही पेट्यांना ऑटोमॅटिक गिअरचे पातळ तेल लागते, तिथे जाड तेल घातले की नव्या चेनचाही घात.

आणखी एक. हे सगळे ठरविण्यापूर्वी आरसी बुकावरची तारीख पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. चेसिसच खाऱ्या गंजाने खाल्ली असेल, तर त्या तपासणीपूर्वी पेटीवर पैसे घालू नयेत. आणि काम काढायचे ते दिवाळीनंतर. फाल्गुनात आंबा उतरू लागला, की गाडी घोड्यांवर आणि पेट्या अंगणात, अशी पाळी यायला नको.