पेंढा आणि चार किलो युरिया

भाताच्या पेंढ्याने गाईचे पोट भरते, पण दूध वाढत नाही. असे का? पेंढ्यातील सेल्युलोज लिग्निनशी घट्ट बांधलेले असते आणि प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीवांना नायट्रोजन पुरत नाही, पचन रेंगाळते. याच कप्प्यात तयार होणारा मिथेन ढेकरेवाटे हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापमानवाढ घडवतो. दूध कमी, म्हणजे दर लिटरमागे मिथेन जास्त!

यावर उपाय आहे. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून हवाबंद झाकावे व २१ दिवस ठेवावे. युरियापासून अमोनिया होतो. तो लिग्निनचे बंध सैल करतो आणि सूक्ष्मजीवांना नायट्रोजन पुरवतो. पेंढा उघडून वास उडाल्यावरच घालावा. लहान वासरांना व घोड्यांना देऊ नये. नुसता युरिया खाल्ल्यास जनावर दगावू शकते.

मात्र गाईचा एकूण मिथेन घटेलच असे नाही, कारण ती जास्त खाते. बचत होते ती दर लिटर दुधामागे. शिवाय युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतोच. म्हणून आधी नासाडी थांबवावी. विद्यार्थ्यांनी एक दिवस अख्खा कडबा व दुसऱ्या दिवशी तेवढीच कुट्टी घालून गव्हाणीतील उष्टी वैरण तोलावी. फरक आपोआप दिसेल.