टायर बसतो, पण चालतो का?

विद्यार्थी मित्रांनो, लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना तुम्ही पाहिले आहे का? आधी तो लाकडी चाकाचा घेर मोजतो. मग त्याहून किंचित लहान घेराची लोखंडी धाव तयार करतो आणि ती भट्टीत लालबुंद तापवतो. तापल्याने प्रसरण पावलेली धाव चाकावर बसवून तो वर पाणी ओततो. निवताना धाव आकुंचन पावते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. माप चुकले तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून तेथे अंदाजपंचे कारभार चालत नाही.

मोटारीच्या टायरबाबत मात्र आपण पुष्कळदा अंदाजावरच जातो. जुने टायर झिजले की कोणीतरी सुचवतो, "जरा रुंद टायर टाका, गाडी ऐटदार दिसेल." टायर चढतो, चाक फिरते आणि "बसला की!" असे म्हणत मंडळी समाधानाने घरी येतात. परंतु टायर चाकावर बसणे आणि तो त्या मोटारीला चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक शाळेतल्या गणिताने समजतो. चला, कागद-पेन्सिल घ्या.

टायरच्या अंगावरची भाषा

उभ्या मोटारीच्या टायरची बाजू नीट पाहा. तेथे काही अंक व इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. समजा, तेथे '१६५/८० आर १४ ८५ टी' असे लिहिले आहे. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात, ही गंमतच आहे!

पुढचा ८५ हा भारांक आहे. या अंकाचा टायर जास्तीत जास्त ५१५ किलोग्रॅम भार पेलू शकतो. 'टी' हे वेगचिन्ह ताशी १९० किलोमीटरची मर्यादा सांगते. नवा टायर घेताना ही दोन्ही चिन्हे मोटारीच्या निर्मात्याने सांगितल्यापेक्षा खालची असता कामा नयेत.

आता टायरचा पूर्ण व्यास काढू. बाजूची उंची १६५ च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ती वर एकदा आणि खाली एकदा, अशी दोनदा मोजायची. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. एकूण व्यास झाला ६१९.६ मिलिमीटर.

आपल्याकडे काही छोट्या मोटारींच्या साध्या प्रकाराला हा टायर असतो आणि त्याच मोटारीच्या महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ असतो. त्याचा व्यास तुम्हीच काढा. उत्तर येईल ६२१.५ मिलिमीटर. रिम मोठी झाली, टायर रुंद झाला, पण बाजूची उंची कमी केल्यामुळे व्यास जवळजवळ तोच राहिला! अभियंत्यांनी ही जोडी मुद्दाम जुळवलेली असते.

वेगमापकाची फसगत

व्यासाला एवढे महत्त्व का? कारण वेगमापकाला रस्ता दिसत नाही. चाकांचे, किंवा चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे, फेरे मोजले जातात आणि दर फेऱ्याला ठरावीक अंतर धरून वेग दाखवला जातो.

समजा, एखाद्या हौशी मालकाने १५ इंची रिम घेऊन तिच्यावर २०५/६५ आर १५ हा टायर चढवला. त्याचा व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा साडेचार टक्के जास्त. मूळ टायर एक किलोमीटर जाण्यासाठी सुमारे ५१४ फेरे घेतो. नवा सुमारे ४९२ फेऱ्यांतच तेवढे अंतर कापतो. मूळ टायरवर वेगमापक अचूक होता असे मानले, तर आता काटा ८० वर असताना मोटार प्रत्यक्षात ताशी ८३.६ किलोमीटर वेगाने धावत असेल.

'साडेतीन किलोमीटरने काय बिघडते?' असे तुम्ही म्हणाल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग साडेचार टक्के वाढला की ऊर्जा सुमारे नऊ टक्के वाढते, आणि ब्रेक दाबल्यावर मोटार थांबेपर्यंतचे अंतरही तेवढेच वाढते. चालकाला मात्र याचा पत्ताच नसतो. म्हणूनच वेगमापकाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात असे आहे की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. थोडा जास्त दाखवला तर चालेल.

रुंद म्हणजे पकड जास्त?

हा समज फार पसरलेला आहे. एक हजार किलोग्रॅमच्या मोटारीचा भार चार चाकांवर सारखा वाटला, तर प्रत्येकावर २५० किलोग्रॅम येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.३ किलोग्रॅम असेल, तर हा भार तोलायला सुमारे ११० चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकावी लागते. ही जागा जवळजवळ तुमच्या तळहाताएवढीच! टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर या जागेचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, आकार बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. कोरड्या वळणावर याचा काही फायदा होतो. परंतु पावसात रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. ते साधले नाही तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निकामी ठरतात.

शिवाय आपल्या उदाहरणातला टायर ४० मिलिमीटर जास्त रुंद आहे आणि त्याचा वरचा काठ मडगार्डच्या १४ मिलिमीटर जवळ सरकतो. सरळ जाताना सारे ठीक दिसते. पण माणसे भरलेली मोटार खड्ड्यात आदळली, किंवा सुकाणू पूर्ण वळवले, की टायर आत घासू शकतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणीपत्रात उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच स्पष्ट केले. म्हणून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी किंवा मोटारीसोबतची पुस्तिका पाहावी. निर्मात्याने त्या मोटारीसाठी सांगितलेले आकारच निवडावेत. शंका असेल तर पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. आकार बरोबर असला तरी मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर नियमानुसार बाद होतो, हेही लक्षात ठेवा.

करून पाहा

मैदानात सायकलच्या टायरवर आणि त्याखाली जमिनीवर खडूने खूण करा. सायकल सरळ ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा, अंतर मोजा आणि दहाने भागा. आता मागच्या चाकातली हवा थोडी कमी करून मित्राला वर बसवा आणि त्याच चाकाचे दहा फेरे पुन्हा मोजा. अंतर का घटले, याचा विचार करा.

आणखी एक कोडे. १६५/८० आर १४ ऐवजी १७५/६५ आर १४ टायर लावला, तर काटा ८० वर असताना खरा वेग किती? मोटार किती खाली येईल?

(उत्तर: नवा व्यास ५८३.१ मिलिमीटर, खरा वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर, मोटार सुमारे १८ मिलिमीटर खाली येईल. आपल्याकडच्या गतिरोधकांवर हे १८ मिलिमीटर फार मोलाचे असतात!)