गाडी अडविण्याचा अधिकार यांना दिला कोणी?

जनावरांची गाडी कोणी अडवू नये म्हणून कॅनडातील ओंटारियो प्रांताने २०२० साली खास कायदा केला. तेथे प्राणिमित्र कत्तलखान्याच्या दारात उभे राहून ट्रकमधल्या डुकरांना पाणी पाजत. परवानगीशिवाय असे केल्यास आता पहिल्या गुन्ह्याला १५ हजार डॉलरपर्यंत दंड आहे. १८ जून २०२० रोजी विधेयकाला संमती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी बर्लिंग्टन येथे रेगन रसेल ही निदर्शक महिला डुकरांच्या ट्रकखाली सापडून मेली.

तेथे अडविणारी मेली. आपल्याकडे गाडीतला मरतो. हरियाणात दुलिना येथे १५ ऑक्टोबर २००२ रोजी गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार केले, तेही पोलीस चौकीजवळ. १ एप्रिल २०१७ रोजी राजस्थानातील बहरोडला पहलू खान यांना मारहाण झाली व दोन दिवसांनी ते मरण पावले. गायी त्यांनी जयपूरच्या बाजारातून विकत आणल्या होत्या. २०१९ मध्ये अलवरच्या न्यायालयातून सहाही आरोपी सुटले. आपल्या नाशिक जिल्ह्यात जून २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोघांचे बळी गेले. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता कायदा पाहू. २०१५ साली सुधारलेल्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाचे कलम ८ म्हणते की गाडी थांबवून झडती घ्यायची ती उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने, अथवा शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीने, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने. गळ्यात उपरणे घातले म्हणून कोणी प्राधिकृत होत नाही. हे तथाकथित गोरक्षक नागरिकाच्या अटकेच्या तरतुदीकडे बोट दाखवितात. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तरच खासगी व्यक्ती पकडू शकते, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावे लागते. ताडपत्रीखाली काय आहे हे ज्याला माहीतच नाही, त्याच्या डोळ्यांदेखत कोणता गुन्हा घडला? आठवडी बाजारातून बैल शेतावर नेणे हा गुन्हा नाही. म्हैस आणि रेडा तर २०१५ च्या बंदीत येतच नाहीत, तरी त्यांच्याही गाड्या अडविल्या जातात. याच अधिनियमाचे कलम १३ सद्भावनेने काम करणाऱ्यास संरक्षण देते. काठी घेऊन महामार्गावर उभे राहण्यात कसली आली सद्भावना?

मार एकदाच बसतो, खर्च मात्र चालूच राहतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार जप्त जनावर खटला संपेपर्यंत गोशाळेत ठेवता येते आणि त्याच्या चाऱ्या-औषधाचा भार वाहनमालक, पाठविणारा, घेणारा अशा सर्वांवर टाकता येतो. गाडीही तारण म्हणून अडकते. शेतकऱ्याची भाकड गाय कोणी घेईना, ड्रायव्हरचा हप्ता थकतो. तो ड्रायव्हर बहुधा कुरेशी नाहीतर आपल्याच वस्तीतला असतो.

म्हणून ओंटारियोसारखा कायदा येथे आणावा काय? आम्हाला तो नको. रस्त्यावर उभे राहून निषेध करण्याचा हक्क आम्ही झगडून मिळविला आहे. सरकारच्या हाती असा कायदा दिला तर तो उद्या मोर्चेकऱ्यांवरच फिरेल. शिवाय मुक्या जनावरांचे हाल आम्हालाही पाहवत नाहीत. १९७८ च्या वाहतूक नियमांत पशुवैद्यकाचा दाखला आहे, साध्या मालगाडीत सहापेक्षा जास्त गुरे नकोत असे आहे. ते पाळलेच पाहिजे, पण ते तपासणे हे पोलिसांचे काम आहे.

नव्या कायद्याची गरजच नाही. अन्यायाने अडविणे हा न्यायसंहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे, धमकावून पैसे उकळणे कलम ३०८ खाली. पाच किंवा अधिक जणांनी जात, समुदाय वगैरे कारणांवरून केलेल्या खुनाला कलम १०३(२) आहे (‘धर्म’ हा शब्द मात्र त्या यादीत नाही, का ते सत्ताधाऱ्यांना विचारावे). सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्यास सांगितले. तुमच्या जिल्ह्यात तो कोण, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारा.

आणि गाडी अडविलीच तर दाखला व खरेदीची पावती पोलिसांनाच दाखवावी, ११२ ला फोन करावा, अडविणाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर टिपावेत. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे पाठवावी, तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल तर कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ लागू शकते, हे अर्जात लिहायला विसरू नये.