जुना ॲम्प्लिफायर आणि चार ओहमचे स्पीकर

माळ्यावरचा १९७०-८० च्या काळातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर खाली काढला, धूळ झटकली, लावला आणि तो चालला, की पुढचा प्रश्न स्पीकरचा येतो. मूळचे बॉक्स दमट हवेनं कधीच खाल्लेले असतात. मग हाताशी असतील ते जोडले जातात. कुणी गाडीतून काढलेले लावतं, कुणी होम थिएटरच्या संचातले. त्यांच्या पाठीवर ४ ओहम लिहिलेलं असतं, कधी ३. ॲम्प्लिफायरच्या मागे मात्र ८. आवाज येतो, चांगला मोठा येतो, म्हणून त्या आकड्याकडे कुणी लक्ष देत नाही. जुनी यंत्रं जळतात ती बहुतेक इथेच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती वाचवणं अवघड नसतं.

ओहम म्हणजे मागणी

खरेदी करताना आपण वॅट विचारतो. जोडी जुळवताना अँपिअर बघावेत. ॲम्प्लिफायर स्पीकरला व्होल्टेज देतो आणि प्रवाह किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. समजा आउटपुटला २० व्होल्ट आहेत. ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेईल, म्हणजे ५० वॅट. त्याच जागी ४ ओहमचा लावला की मागणी ५ अँपिअर आणि १०० वॅटवर जाते. व्हॉल्यूमचं बटण तिथेच आहे, पण आतल्या ट्रान्सफॉर्मरवर, डायोडवर आणि आउटपुट ट्रान्झिस्टरवर दुप्पट भार आला.

शिवाय पाठीवरचा आकडा हा ठोकताळा असतो. स्पीकरचा इम्पिडन्स सुरागणिक बदलतो. क्वाड कंपनीचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १६ ओहमचा म्हणून ओळखला जाई, पण अगदी वरच्या सुरांत तो २ ओहमच्या आसपास उतरे. कमी ओहमचे स्पीकर ही काही आजची गोष्टही नाही. अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्चचा १९६७ चा एआर-३ए हा गाजलेला स्पीकर ४ ओहमचाच होता. त्याला चांगला पुरवठा करणारा ॲम्प्लिफायर लागे, आणि असे ॲम्प्लिफायर तेव्हाही होते. म्हणून ‘जुना आहे, चार ओहम झेपणार नाही’ असं सरसकट म्हणू नये. मागच्या बाजूला ‘४ ते १६ ओहम’ छापलेलं असेल तर बनवणाऱ्यानं तो हिशोब केलेला आहे. नुसतं ८ असेल तर केलेला नाही असंच धरून चालावं.

ए आणि बी

आमच्या घरच्या ॲम्प्लिफायरवर नुसतं ८ होतं. पुढे ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणं. ‘ए’वर आठ ओहमचे जुने बॉक्स होते. घरातल्या हळदीच्या कार्यक्रमासाठी मी ‘बी’वर गाडीचे चार ओहमचे स्पीकर जोडले आणि दोन्ही बटणं दाबली. बहुतेक यंत्रांत ही दोन बटणं स्पीकर समांतर जोडतात. ८ आणि ४ समांतर जोडले की उरतात २.६७ ओहम. तीन तास गाणी वाजली, मग डावा चॅनल गेला.

झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला असलेला ०.४७ ओहमचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर एका बाजूनं तपकिरी झाला होता आणि त्याच्याखालचं बोर्ड काळं पडलं होतं. मागच्या हीटसिंकवर २एन३०५५ या ट्रान्झिस्टरची जोडी. मल्टिमीटर एकाच्या कलेक्टर-एमिटरला लावला तर बीप वाजायचं थांबेना. आत सरळ शॉर्ट, आणि फ्यूज उडालेला.

मी आवाज पूर्ण वाढवलेला नव्हता, म्हणून तेव्हा हे कोडं वाटलं. नंतर गणित कळलं. अशा आउटपुट स्टेजमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण ताकदीला नव्हे, तर तिच्या सुमारे ४० टक्क्यांवर. उदाहरणार्थ, अधिक-उणे ३५ व्होल्टच्या सप्लायवर ८ ओहमला एका चॅनलमध्ये मुरणारी उष्णता ३१ वॅटपर्यंत जाते, ४ ओहमला ६२ पर्यंत. हीटसिंक तेवढाच, आणि आतली थर्मल पेस्ट तीस-चाळीस वर्षांत वाळून भुकटी झालेली.

खर्ज पातळ का झाला

स्पीकर मात्र वाचले, कारण त्या यंत्रात आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये एक मोठा कपॅसिटर होता. बिघडलेल्या ट्रान्झिस्टरमधून येणारा डीसी त्यानं अडवला. ज्यांत हा कपॅसिटर नसतो आणि संरक्षक रिलेही नसतो, त्यांत ट्रान्झिस्टरबरोबर स्पीकरची कॉइलही जळते.

या कपॅसिटरची किंमत खर्जात मोजावी लागते. २२०० मायक्रोफॅरडचा असेल तर ८ ओहमवर खालचा आवाज साधारण ९ हर्ट्झला गळायला लागतो आणि ४ ओहमवर १८ ला. त्यात फारसं बिघडत नाही. पण १००० मायक्रोफॅरडचा असेल, किंवा वयानं सुकून तेवढाच उरला असेल, तर ४ ओहमवर ही सीमा ४० हर्ट्झवर येते आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पातळ लागतो. लोक स्पीकरला नावं ठेवतात.

व्हॉल्व्हच्या यंत्रांचं

त्यांचं काम सोपं आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ अशी वेगळी टोकं असतात. चार ओहमचा स्पीकर चारच्या टोकाला लावायचा. फक्त स्पीकर न जोडता ते वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

चार ओहमच लावायचे असतील तर

आधी स्पीकर सोडवून मल्टिमीटरनं मोजा. चार ओहमचा ३ ते ३.५ दाखवतो, आठचा ५.५ ते ७. प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, स्वस्त मीटरमध्ये तोच अर्धा ओहम भरतो. एका बाजूला एकसारखे दोन स्पीकर असतील तर ते सिरीजमध्ये जोडा, चार अधिक चार आठ होतात. एकच असेल तर ४ ओहमचा रेझिस्टर मध्ये घालायचा सल्ला कारागीर देतात. यंत्र वाचतं हे खरं, पण निम्मी ताकद त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते आणि कोनवरची पकड सुटून खर्ज सैल होतो. मला तो मार्ग आवडत नाही. त्यापेक्षा आवाज मर्यादेत ठेवावा, ‘ए’ आणि ‘बी’ एकत्र दाबू नयेत, आणि यंत्राभोवती हवा खेळती ठेवावी.

दुरुस्तीनंतर प्रथम चालू करताना सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. मग स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा.

आमच्या ॲम्प्लिफायरला नवी २एन३०५५ची जोडी, तिच्याखालचे नवे अभ्रकाचे पातळ तुकडे आणि ताजी पेस्ट लागली. गाडीचे चार स्पीकर आता दोन-दोन सिरीजमध्ये आहेत, एका बाजूला एक जोडी. अर्ध्या तासानं मी मागे हात नेऊन हीटसिंकला लावून बघतो. पाच सेकंद सहज टेकवता येतो.