सिनाई पर्वताच्या पायथ्याचा मठ व तेथील पोथ्या

ईजिप्त देशांत सिनाई पर्वताच्या पायथ्याशीं संत कॅथरीनचा मठ आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा हा मठ रोमन बादशहा जस्टिनियन यानें इ. स. ५४८ ते ५६५ च्या दरम्यान तटबंदीसह बांधविला. एका प्रवासी मंडळीबरोबर आम्हीं तो पाहिला. मंडळींचें लक्ष मोशेच्या जळत्या झुडुपाकडे व प्राचीन चित्रांकडे होतें, आमचें ग्रंथालयाकडे. तें बाहेरूनच पाहून परतावें लागलें. तथापि त्याचा वृत्तान्त पोथीसंग्राहकांस उपयुक्त होईल असें वाटून येथें देत आहों.

या संग्रहांत ग्रीक, अरबी, सिरियाक, जॉर्जियन इत्यादि भाषांतील सुमारें ३,३०० हस्तलिखितें आहेत. कोरडी हवा, एकान्त स्थळ व अखंड वसति यांमुळें तीं टिकलीं. चर्मपत्र महाग असल्यामुळें जुना मजकूर खरडून त्यावरच नवा लिहीत. १८९२ सालीं ॲग्नेस स्मिथ लुईस या विदुषीस अशाच एका पोथींत खालच्या लेखांत सिरियाक शुभवर्तमानें आढळलीं. अलीकडे निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन असे लुप्त लेख वाचितात.

येथील सर्वांत विख्यात पोथी म्हणजे चवथ्या शतकांतील ग्रीक बायबल. टिशेनडोर्फ या जर्मन पंडितानें १८४४ सालीं तिचीं ४३ पानें लाइप्झिगला नेलीं. १८५९ सालीं तिचा मोठा भाग त्यानें परत करण्याच्या लेखी कबुलीवर नेला व तो रशियाच्या झारास अर्पण केला. १८६९ सालीं मठाधिपतीनें दानपत्र करून दिलें. तें स्वेच्छेनें कीं दडपणानें, याविषयीं मतभेद आहे. १९३३ सालीं सोव्हिएत सरकारनें ती पोथी १,००,००० पौंडांस ब्रिटिश म्युझियमला विकली. त्या पोथीचीं ३४७ पानें आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. १९७५ सालीं मठाच्या उत्तर तटांतील एका बुजलेल्या खोलींत तिचीं आणखी कांहीं पानें सांपडलीं. विखुरलेल्या पानांचीं छायाचित्रें २००९ पासून एकत्र पाहावयास मिळतात. पानें मात्र विभक्तच आहेत.

आमच्या वडिलांनीं एका गृहस्थांस ज्योतिषाची एक पोथी नकलेसाठीं दिली होती. पावती आमच्या दप्तरांत आहे, पोथी नाहीं. म्हणून पोथी देतांना पत्रसंख्या, आद्यन्त ओळी व परतीची मिति लिहून घ्यावी. शक्य तर नक्कलच द्यावी. आणि ज्या वाचकांच्या फडताळांत दुसऱ्याची पोथी असेल, त्यांनीं ती मालकाच्या हयातींतच पोंचती करावी.