भुताची नव्हे, भुताच्या गोष्टीची थट्टा

टीव्हीवरच्या भयकथेच्या विडंबनात हसू भुतामुळे येत नाही, ते भूत सांगण्याच्या थाटामुळे येतं. ब्रिटनच्या चॅनल ४ वर २००४ साली आलेल्या ‘गार्थ मारेंगीज डार्कप्लेस’ या सहा भागांच्या मालिकेत गार्थ मारेंगी हा काल्पनिक, स्वतःवर बेहद्द खूश असलेला भयकथालेखक ऐंशीच्या दशकातली आपली जुनी मालिका अभिमानाने दाखवतो. नट अवघडलेले, ओठ आणि आवाज यांचा मेळ नाही, आणि लेखकाला मात्र सारं अजरामर वाटतं. टर उडते ती या गांभीर्याची. पण ती कळायला भयकथेचे संकेत प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले असावे लागतात. मराठीत ते नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या कथाकारांनी रुजवले. धारपांचा पापभीरू मध्यमवर्गीय नायक आणि संकट टोकाला गेल्यावर धावून येणारे ‘समर्थ’ वाचकांच्या ओळखीचे झाले. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने कोकणातला वाडा रोज रात्री घराघरांत आणला.

वाईट भयपटावर आपोआप हसू येतं, मग विडंबनात कसब कसलं, असं कोणी म्हणेल. पण ते हसू लवकर विरतं. विडंबन टिकायचं तर भीतीची मांडणी चोख लागते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) पाहा. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटाची. कोठारे यांनी ती बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या लक्ष्या या नायकाच्या घरात आणली. बाहुलीकार रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातला गुन्हेगार तात्या विंचू खरोखर जिवावर उठलेला आहे, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे यांची भंबेरी हसवते.

थट्टेने मूळ प्रकाराची धार बोथट होते, हा दुसरा आक्षेप. त्याला आपल्या तमाशातच उत्तर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांनी ज्या तमाशात आयुष्य घालवलं, त्यात आधी गण होतो, मग गवळणीत मावशी खुद्द कृष्णाची फिरकी घेते. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण त्यांची भक्ती कमी होत नाही, कारण ज्याच्याशी सलगी असते त्याचीच अशी थट्टा होते. भुताखेतांच्या मराठी प्रहसनांचं अडतं ते या सलगीपाशीच. पांढरी साडी आणि मोकळे केस यांवरच ती बरेचदा भागवतात. धारप-मतकरींची कथनशैली नीट वाचून तिच्यावर नेम धरला, तर हसूही खोल जाईल आणि मूळ कथाही पुन्हा वाचल्या जातील.